हरवलेलं सगळं माझ्याकडंच होतं

आमच्या घरात आता एकही वस्तू हरवत नाही. चष्मा फ्रिजवर ठेवला तर संध्याकाळी फ्रिजवरच असतो. किल्ली खिळ्याला असते. साखरेचा डबा सकाळी जिथं होता तिथंच, आणि साखरही जवळजवळ तेवढीच, कारण एकट्या माणसाचा चहा तो किती. कराडजवळच्या मलकापुरातल्या या घरात तीस वर्षं रोज काही ना काही हरवत होतं. गेले तीन महिने मी एकटा आहे आणि सगळं जागच्या जागी आहे. शेजारी म्हणतात, "वैनी न्हाईत तरी घर लय टापटीप ठेवलंय की!" मी मान डोलावतो. वस्तू हरवायला दोन माणसं लागतात, एक लपवणारा आणि एक शोधणारी, हे त्यांना कुठं सांगत बसू.

शोधणारी, म्हणजे माझी बायको, माधवनगरला तिच्या भावाकडं आहे. हे लिहितोय ते तिला विचारून. फोनवर म्हणाली, "लिवा. पर कुणाचं नाव घालू नका. आन् हसायचं आसंल तर तुमच्यावर हसू द्या लोकांस्नी. माझ्यावर लय हसून झालंय."

तर माझ्यापासून सुरू करतो. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. स्टँडवरच्या खिडकीमागं बसून माइकवरून गाड्या पुकारणारा माणूस. माइक एकदा तोंडाला लागला की सुटत नाही. रिटायर झाल्यावर मी लग्नांत निवेदक झालो. पावण्यांचं स्वागत, आहेर आणू नयेत ही विनंती, नवरदेव मांडवात येत नाही तोवर वऱ्हाडाला हसवत ठेवणं, ही माझी कामं. हसवायला मसाला लागतो, आणि माझा मसाला घरात होता. "आमची मंडळी," मी सुरू करायचो, "परवा चष्मा डोळ्यावर घालून चष्मा शोधत होती." मांडव हसायचा.

ती चष्मा वापरतच नव्हती तेव्हा. पण विनोदाला पुरावा कोण मागतो?

सुरुवात अगदी साधी होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कणीक मळायला तिनं हातातलं घड्याळ काढून ठेवलं आणि मी ते पिठाच्या डब्यात दडवलं. ती तासभर घरभर फिरली. शेवटी मीच डब्यात हात घालून पांढरंशुभ्र घड्याळ बाहेर काढलं, तेव्हा घरातले सगळे पोट धरून हसले, आणि सगळ्यांत जास्त ती हसली. ते तिचं हसणं मी पुढं कित्येक वर्षं साक्षीदार म्हणून वापरलं. तिलाबी आवडतं की!

पण नुसतं लपवण्यात काही कसब नाही, ते पोरंही करतात. माझी खरी हातचलाखी परत ठेवण्यात होती. कात्री उचलायची. तिला शिलाई मशीनचा खण दोनदा, तीनदा उपसू द्यायचा. ती मागच्या परड्यात बघायला गेली की कात्री त्याच खणात वरच ठेवायची, आणि ती आली की शांतपणे म्हणायचं, "ही काय हितंच हाय. डोळं हाईत का बटणं?" तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते बघण्यात मला मजा वाटायची, हे लिहिताना हात जड होतोय, पण वाटायची. ती खणाकडं बघायची, मग कात्रीकडं, मग स्वतःच्या हाताकडं. "आत्ता तर बघितलं हुतं मी," असं पुटपुटायची. पुढं पुढं पुटपुटायचीही बंद झाली.

ती ब्लाउज फार छान शिवायची. निम्म्या गल्लीचे ब्लाउज तिच्याकडं. एका दिवाळीच्या आधी मी तिची मापाची वही उचलली आणि माळ्यावर जुन्या गादीखाली ठेवली. एका दिवसाची गंमत म्हणून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी मला लागोपाठ ड्यूट्या आल्या नि मीच ती विसरलो. (विसरभोळं कोण, हा प्रश्न तेव्हाही मला पडला नाही.) आठवड्यानं वही काढून मशीनखाली सरकवली. त्या आठवड्यात तिनं बावीस ब्लाउज शिवले होते, सगळे आठवणीवर. एकही परत आला नाही. मी मांडवात सांगताना "मंडळींनी ऐन दिवाळीत वही हरवली" एवढंच सांगायचो. बावीस ब्लाउज बरोबर बसले ही गोष्ट विनोदाच्या आड येत होती, म्हणून गाळायचो. त्या दिवाळीनंतर तिनं शिवण बंद केलं. "माझ्या हातनं कुणाच्या तरी कापडाचं वाटोळं व्हायचं," म्हणाली. मी म्हणालो, "बरं झालं, मशीनची खडखड तरी थांबली."

या सगळ्या गमती. दुधाचं मात्र गमतीत बसत नाही.

तीन वर्षांपूर्वी ती हळदीकुंकवाला गेली होती. मी चहाला म्हणून दूध गॅसवर ठेवलं आणि तेवढ्यात शेजारी कुणाला तरी किस्सा सांगायला गेलो. किस्सा रंगला. परत आलो तर घरभर धूर, पातेलं काळं ठिक्कर, मागची खिडकी उघडी नसती तर काय झालं असतं सांगता येत नाही. मी पाणी ओततोय तोवर ती दारात. आणि माझ्या तोंडातून वाक्य आलं ते इतक्या वर्षांच्या सरावानं आपसूक आलं: "अगं, गॅस चालू ठिवून गेलीस व्हय?"

ती मटकन खाली बसली. म्हणाली, "मी दूध ठेवलं हुतं?"

"मग काय मी ठेवलं?"

तिनं माझी माफी मागितली. मी ती मोठ्या मनानं दिली.

पुढं लेकीचं लग्न साताऱ्याला ठरलं. व्याही रिटायर्ड सुभेदार, विहीणबाई हसऱ्या आणि तोंडाच्या फटकळ. साखरपुड्याला माइक कुणाच्या हातात असणार? माझ्या. वऱ्हाड जमायला वेळ होता, म्हणून मी दुधाचा किस्सा सांगितला. धूर, पातेलं, दारात उभी मंडळी, सगळं. शेवटी म्हणालो, "तवा विहीणबाई, लेक आमची हुशार हाय, फकस्त आईवर गेली आसंल तर गॅसवर ध्यान ठेवा!" दोन्हीकडची माणसं हसली. बायको पहिल्या रांगेत पदर सारखा करत बसली होती. सुभेदारांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "वा! एकदम फर्स्ट क्लास!"

लोक विनोदाला हसतात आणि विसरतात, असा माझा अनुभव होता. विहीणबाई हसल्या, पण विसरल्या नाहीत.

लेकीला सातवा महिना लागला. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. ओटी भरून पोरगी घेऊन यायची म्हणून आम्ही दोघं साताऱ्याला गेलो. बायकोनं महिनाभर आधीपासून डिंक, अळीव, बाळाला दुपटी, जुन्या मऊ साड्यांच्या लंगोट्या, सगळं जमवलं होतं. कपाटातून मशीनसुद्धा बाहेर काढली होती. जेवणं झाल्यावर विहीणबाई विषय काढून म्हणाल्या, "आवं, राग मानू नका. पर बाळतपण हितंच करू म्हणतोय आमी. तुमच्याकडं... न्हवं, तुमी विसरता ना. न्हानगं बाळ हाय. गॅस, शेगडी, धुरी... उगं जिवाला घोर."

बायको माझ्याकडं बघत होती.

तिथं एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. मी काय बोललो सांगतो. मी म्हणालो, "बरोबर हाय तुमचं. बाळाला कुठं ठेवलं तेच विसरली तर काय करायचं?" आणि हसलो. या वेळी कुणी हसलं नाही, फक्त सुभेदार खाकरले. लेक आत निघून गेली.

परतीच्या एसटीत बायकोनं दुपट्यांची पिशवी मांडीवर धरली होती. उंब्रजला पोचलो तरी तिनं ती खाली ठेवली नाही.

त्यानंतर ती झोपेनाशी झाली. बसल्या जागी घाम फुटायचा, छाती धडधडायची. ईसीजी काढला, चांगला आला. गॅसचं बटण दहादा बघायची, मग रेग्युलेटर काढून ठेवायची, मग रेग्युलेटर काढला का ते बघायला उठायची. भाजीत मीठ घातलं का हे मला विचारायची. मला, म्हणजे जगात ज्याला विचारू नये त्याच माणसाला. चार दिवस तिनं चूलच पेटवली नाही. मी कराडच्या खानावळीतनं डबा आणला. मला वाटलं हा विसरण्याचा रोग, वय झालं की होतो तो. मनातून मी जरा समाधानी होतो, हेही कबूल करतो. म्हणजे मी बोलत होतो त्यात तथ्य होतं तर!

मेव्हणा माधवनगरला यंत्रमाग चालवतो, कमी बोलणारा माणूस. त्यानं आम्हाला बोलावून घेतलं आणि सांगलीत मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी बायकोला एकटीला आत घेतलं. तास झाला. मग मला बोलावलं.

"यांच्या स्मरणशक्तीच्या सगळ्या चाचण्या घेतल्या," बाई म्हणाल्या. "उत्तम आहे. मला लाजवेल इतकी."

मी म्हणालो, "आवं मॅडम, तुमच्याम्होरं नीट वागली आसंल. घरात बघा की."

"घरात काय हरवतं?"

आता हा प्रश्न म्हणजे मला माइक दिल्यासारखाच. मी खुर्चीत पुढं सरलो आणि कात्री सांगितली. खण, परडं, बटणं. मग घड्याळ. मग मापाची वही. अंगात आलं होतं माझ्या. बाई अधूनमधून लिहीत होत्या. वहीचा किस्सा संपला तिथं मी सवयीनं थांबलो, हसायला जागा दिली.

पंख्याचा आवाज येत होता.

"वही तुमच्याकडं होती, हे त्यांना माहीत आहे?" बाईंनी विचारलं.

"न्हाई."

"कात्री?"

"न्हाई."

"एकदा तरी कधी सांगितलं?"

घड्याळाचं सोडलं तर नव्हतं. मी म्हणालो, "सांगितलं तर गंमत काय राहिली?" माझंच वाक्य माझ्या कानाला कसंतरी लागलं.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी काहीतरी कोटी करून सुटलो असतो. त्या साध्या शब्दांत बोलल्या. बायकोला डिप्रेशन आहे, चिंतेचा आजार आहे, अचानक भीतीचे झटके येतात. औषध देऊ, बोलणं सुरू ठेवू, बरं वाटेल. पण हे नुसतं औषधानं जाणार नाही. माणूस जगात वावरतो तो आपल्या डोळ्यांवर आणि आठवणीवर भरवसा ठेवून. घरातलंच माणूस रोज थोडं थोडं सांगत राहिलं की तुझे डोळे खोटे, तुझी आठवण खोटी, तर एक दिवस ते त्याला खरं वाटतं. मारहाणीचा वळ दिसतो, हा दिसत नाही. "तुम्ही कशासाठी केलंत हा पुढचा प्रश्न," त्या म्हणाल्या. "त्यांच्यावर काय झालं, हा आजचा. त्यांना तुम्ही सांगा. आणि एक, विनोद न करता सांगा."

बाहेर व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. मी बायकोशेजारी बसलो आणि सांगितलं. घड्याळाच्या नंतरचं सगळं. आठवेल तेवढं. ती ऐकत होती, समोरच्या भिंतीकडं बघत. मी थांबलो तेव्हा तिनं एकच विचारलं.

"आन् दूध?"

मी खाली फरशीकडं बघितलं.

"दूधबी?"

"व्हय. दूध मी ठेवलं हुतं."

ती म्हणाली, "तीन वरसं मी त्या घरात झोपताना देवाला हात जोडत हुते, की माझ्या हातनं तुमचा जीव जाऊ नये म्हणून." रडली नाही. उठून भावाकडं गेली आणि म्हणाली, "मी आता हितंच राह्यते." आणि मग माझ्याकडं वळून: "तुमी साताऱ्याला जावा. हे त्यास्नी सांगा. माझ्या लेकीचं बाळतपण माझ्या हातनं व्हायचं हाय. दुसरं मला तुमच्याकडनं कायबी नको."

दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याला गेलो. सुभेदार, विहीणबाई, जावई, लेक, सगळे बैठकीत. मी सुरुवात केली, "त्याचं आसं झालं..."

आणि तिथंच घात झाला. ही माझी प्रत्येक किश्शाची सुरुवात. पुढं तोंड आपल्या वळणानं चालू लागलं. जिथं थांबायची सवय तिथं थांबलो, आवाज जिथं चढतो तिथं चढला. "आन् लपवणारा चोर कोण? तर हा तुमचा व्याही!" म्हणालो तेव्हा सुभेदार खदखदून हसले.

"कमाल हाय, व्याही! बायकोसाठी दोष सोताच्या अंगावर घेताय! मर्द गडी!"

विहीणबाईंचे डोळे भरून आले. "आसा नवरा मिळाय नशीब लागतं," त्या म्हणाल्या. "पर बाळतपणाचं हितंच राहू द्या." मला पुरणपोळी खायला घातली, वर डब्यात बांधून दिली. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत खरं बोललो आणि त्याबद्दल खोट्याचा मान घेऊन परत आलो. लेक तेवढी माझ्याकडं टक लावून बघत होती.

संध्याकाळी बायकोला फोन केला.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"मग?"

"हसले."

पलीकडं नुसता मागांचा खडखडाट. मग तिनं विचारलं, "तुमी कसं सांगितलं?" मी उत्तर द्यायच्या आत तिनं फोन ठेवला.

आठवडाभर मी घरात एकटा बोलून बघत होतो. आरशासमोर, जेवणाच्या डब्यासमोर. साधं वाक्य म्हणून सुरू केलं की तिसऱ्या शब्दाला त्यात रंग भरायचा. आपल्याला दुसऱ्या कुठल्याच पद्धतीनं बोलता येत नाही, हे साठीनंतर कळणं फार वाईट. मग नोकरीतली एक गोष्ट आठवली. एसटीत काही चूक झाली की वरून मेमो यायचा आणि आपण खुलासा लिहून द्यायचा. खुलाशाचा एक साचा असतो. त्यात विनोदाला जागा नसते. असते तर मी शोधली असती. मी रेघांचा फुलस्केप आणला आणि लिहिलं:

"विषय: माझ्या पत्नीवर केलेल्या खोट्या आरोपांबाबत खुलासा. उपरोक्त विषयास अनुसरून सादर करतो की, दूध गॅसवर मी ठेवले होते. मी ते विसरून बाहेर गेलो. पत्नी त्या वेळी घरात नव्हती. तिने गॅस चालू ठेवला असे मी तिला व इतरांना सांगितले, ते खोटे आहे..." कात्री, वही, किल्ल्या, सगळं क्रमानं. शेवटी "तिची स्मरणशक्ती उत्तम असून दोष सर्वस्वी माझा आहे" आणि सही.

पुन्हा साताऱ्याला गेलो. बसा म्हणाले तरी बसलो नाही. कागद उभ्यानं वाचला, गाडी पुकारावी तसा एका सुरात. सुभेदार पहिल्या ओळीला हसायला लागले आणि तिसऱ्या ओळीला थांबले. फौजेतल्या माणसाला सही केलेला कागद कळतो. त्यांनी तो हातात घेऊन पुन्हा वाचला, घडी घातली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "ठीक है."

विहीणबाई ताडकन उठल्या. "आवं, त्या बाईला मी तिच्या लेकीसमोर बोलले! तुमी तिथंच बसला हुता की! आन् वर हसला!" त्यांचा आवाज फाटला. "सून आईकडंच जाईल. उद्या आमी सोता सोडून येतो माधवनगरला. पर तुमी तिथं राह्यचं न्हाई. मला तुमचा भरवसा न्हाई."

निघताना लेक दारापर्यंत आली. पोटावर हात ठेवून उभी. मला वाटलं, काहीतरी बरं बोलेल.

"पप्पा," ती म्हणाली, "मीबी तिला वेडी म्हणत हुते." आणि दार लावून घेतलं.

सव्वा महिन्यापूर्वी नात झाली. मी रविवारी जातो, फोन करून. बाहेरच्या खोलीत बसतो. आतून सगळं ऐकू येतं. बायको भावजयीला सांगत असते, वेखंड दुसऱ्या फडताळात खालच्या डब्याच्या मागं, बाळानं दूध इतक्या वाजता घेतलं, परवा शी कशी झाली होती नि आज कशी. एकही गोष्ट चुकत नाही. तिची शिलाई मशीनही सुरू असते. पण मी एकदा दारातून बघितलं: धुरीची शेगडी विझवल्यावर तिनं निखाऱ्यांवर पाणी ओतलं, मग हात लावून बघितलं, चार पावलं गेली, परत आली, पुन्हा हात लावून बघितलं. आता तिला खरं ठाऊक आहे, कागदावर सहीनिशी आहे, तरी हाताला ठाऊक नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, वेळ लागेल. किती, ते सांगत नाहीत.

परवा निघताना मी विचारलं, "घरी कवा येतीस?"

ती नातीच्या अंगाला तेल लावत होती. हात थांबला नाही. "हितं मला झोप लागती," म्हणाली. "तिकडं लागंल आसं वाटत न्हाई. तवा इचारू नका."

मी पिशवी उचलली.

सांगलीच्या स्टँडवर गाडी मिळाली. शेजारी एक कडेगावकडचा गडी बसला, शेंगा सोलत. मूठभर माझ्यापुढं केल्या आणि विचारलं, "एकटंच व्हय? घरी कोण कोण आसतं?"

"मी आसतो," म्हणालो.

तो हसला. गप्पिष्ट दिसत होता, माझ्याकडं वळून नीट बसला, पुढचं ऐकायला. आष्टा यायला अजून बराच वेळ होता. मी शेंगा खाल्ल्या आणि गप्प राहिलो.